ग्वारीघाटावरचा द्रोण आणि ऊतींचा पसारा

संध्याकाळच्या आरतीआधी ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर दिवे विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पानाचा द्रोण, त्यात झेंडूच्या चार पाकळ्या, मधोमध कापसाची वात आणि थोडं तेल. दिवा लावायचा, ‘नर्मदे हर’ म्हणायचं आणि पाण्यात सोडून द्यायचा. आमच्या जबलपूरच्या वहिनी हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. मी मात्र त्या दिवशी द्रोण घाटावरच्या दिव्यासमोर धरून आरपार बघत उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आधी तो सोडा. अभ्यास मग करा.”

अभ्यासाचं कारण घरातलंच होतं. पुतणी नववीत, शाळा हिंदी माध्यमाची, आणि दुसऱ्या दिवशी चाचणी होती वनस्पतींच्या ऊतींवर. दुपारभर ती तक्ता घोकत होती. तिकडे विभज्योतक, इकडे महाराष्ट्रात विभाजी ऊती. तिकडे मृदूतक, इकडे मूल ऊती; स्थूलकोणोतक म्हणजे आपली स्थूलकोन ऊती, दृढ़ोतक म्हणजे दृढ ऊती. नव्या हिंदी पुस्तकांनी हेही सोडून सरळ पॅरेन्कायमा, झायलेम म्हणायला सुरुवात केली आहे. जुन्या हिंदी पुस्तकांत झायलेमला ‘दारु’ म्हणत, हे सांगितल्यावर ती तोंडावर वही धरून हसत सुटली. शब्द खरं तर चोख आहे. दारु म्हणजे लाकूड; देवदार त्यातलाच, आणि आपली दारुहळदही त्यातलीच. आमच्या पुस्तकातल्या ‘जलवाहिनी’पेक्षा मला तो बरा वाटतो. जलवाहिनी म्हटलं की नुसती नळी डोळ्यांपुढे येते, आणि त्या ऊतीतले तंतू, तिच्यातल्या जिवंत पेशी कुठल्या कुठे राहून जातात. मराठी विश्वकोशाने जलवाहिनी-रसवाहिनीसाठी ‘प्रकाष्ठ’ आणि ‘परिकाष्ठ’ ही जोडी घेतली, तिच्यात निदान लाकूड तरी आहे.

पण तक्त्यातली खरी अडचण शब्दांची नव्हती. ‘फरक स्पष्ट करा’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्न. दोन रकाने आखायचे, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, तीन मुद्दे, तीन गुण. वनस्पतीच्या ऊतींना हे रकाने फारसे मानवत नाहीत. एकच तंतू खोडाच्या सालीत सापडतो तेव्हा एका नावाने ओळखला जातो, लाकडात सापडतो तेव्हा दुसऱ्या. आणि ज्याला पुस्तक ‘स्थायी’ म्हणतं ते प्रसंगी अजिबात स्थायी राहत नाही.

ऊती हा शब्द विणण्याच्या धातूपासून आलेला आहे. ओतप्रोत म्हणतो त्यातला ‘ओत’ तिथलाच, आडवा-उभा विणलेला. इंग्रजी टिश्यूच्या मागेही फ्रेंचमधलं विणलेलं कापडच आहे. नेहेमिया ग्रू या इंग्रज डॉक्टरने १६८२ साली वनस्पतींच्या शरीररचनेवर ग्रंथ काढला, त्यात खोडाच्या आतल्या रचनेची तुलना बायका विणतात त्या लेसशी केली होती. उपमा देखणी आहे आणि चुकीची. झाडात धागे एकमेकांत गुंफलेले नसतात. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीत बंद, शेजारणीशी पेक्टिनच्या पातळ थराने चिकटवलेली, जागची हलू न शकणारी. विणकामापेक्षा हे गवंडीकाम जास्त. मग ऊतींमधला फरक बहुतांशी भिंतींचा फरक ठरतो: भिंत पातळ की जाड, सगळीकडे जाड की फक्त कोपऱ्यांत, सेल्युलोजची की लिग्निन भरलेली. आणि त्याहून मोठा प्रश्न, त्या भिंतीच्या आत कोणी राहतं का.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पहिल्यांदा ‘पेशी’ पाहिल्या, तेव्हा त्याला दिसल्या त्या रिकाम्या खोल्या. बूच ही मेलेली ऊती. म्हणजे जीवशास्त्राचं सगळ्यात मूलभूत एकक माणसाने प्रथम पाहिलं ते मृतावस्थेत. पुढे दोनेकशे वर्षांनी, १८५८ मध्ये, स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेलीने झायलेम, फ्लोएम (आपली रसवाहिनी) आणि मेरिस्टेम (विभाजी ऊती) हे तिन्ही शब्द रूढ केले. त्याचा निकष होता विभाजनाचा: कोणत्या पेशी अजून विभागतात आणि कोणत्या थांबल्या. युलिउस झाक्सने १८७५ मध्ये वेगळी मांडणी केली. त्याने झाडाकडे घराकडे पाहावं तसं पाहिलं: बाहेरचं आवरण, आतून फिरणारी वाहक यंत्रणा आणि उरलेली जागा भरणारी ऊती. एक वर्गीकरण वयाचं, दुसरं जागेचं. शालेय पुस्तकं दोन्ही एकाच आकृतीत कोंबतात, आणि मुलांचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

मला विचाराल तर तिसरा निकष जास्त कामाचा आहे, आणि तो घाटावर उभं राहून हातातल्या वस्तूंवर लावता येतो. पेशी आपलं काम जिवंतपणी करते की मेल्यावर?

घाटावर जाण्याआधी स्वयंपाकघरातून जाऊ. भोपळ्याच्या कोवळ्या वेलाची भाजी करताना खोडाच्या उभ्या शिरा सोलून काढतात. दुपारी वहिनी तेच करत होत्या. टोकाला नखाने उचललं की कंगोऱ्यावरून लांब, लवचीक, ओलसर दोरी निघते. ती स्थूलकोन ऊती, अपित्वचेच्या अगदी खाली कंगोऱ्यांमध्ये बसलेली. तिच्या पेशी जिवंत असतात, भिंती कोपऱ्यांत जाड, पण ती जाडी सेल्युलोज आणि पेक्टिनची. त्यामुळे वेल वाढत असताना ती ताणली जाते, वाऱ्याने वाकते आणि परत सरळ होते. शिजवली तर बऱ्यापैकी मऊही होते. आता घेवड्याच्या शेंगेचा दोर घ्या. दिसायला तसाच, काढायची पद्धत तीच, पण जून शेंगेचा दोर तासभर शिजवा, दाताखाली तो दोरच राहतो. ती दृढ ऊती. पेशी लांबट, भिंती सगळीकडून जाड आणि लिग्निनने भरलेल्या, आतली पोकळी जेमतेम सुईच्या छिद्राएवढी. तिथे राहणारं कोणी नाही. भिंत पुरी झाली आणि पेशी मेली. उकळत्या पाण्यात पेक्टिन सुटतं म्हणून भाजी शिजते; लिग्निनला त्या पाण्याचं काहीच वाटत नाही. भोपळ्याच्या त्याच खोडात, शिरांच्या आतल्या बाजूला, दृढ ऊतीचं एक कडंही असतं. वेल जून झाली की ते पक्कं होतं आणि मग कितीही सोललं तरी भाजी लाकडासारखी लागते. भाजीवाली खोड नखाने दाबून बघते तेव्हा ती हेच कडं तपासत असते.

बाकी जे काही आपण आवडीने खातो ते जवळजवळ सगळं मूल ऊती. बटाट्याचा गर, पेरूचा गर, झेंडूच्या पाकळीचा आतला भाग, तिळातलं तेल साठवणाऱ्या पेशी. पातळ भिंत, मोठी रसधानी, जिवंत. हिच्यात हरितलवकं आली की ती हरित ऊती होते, हवेच्या पोकळ्या आल्या की वायू ऊती. जबलपूरच्या आसपासच्या तळ्यांत शिंगाडा पिकतो, त्याचे देठ फुगलेले असतात ते याच पोकळ्यांनी, जलपर्णीचंही तेच. दिवाळीच्या सुमारास हातगाड्यांवर उकडलेला शिंगाडा येतो, तो खाणाऱ्याला वायू ऊती कधी दिसत नाही, कारण ती तळ्यातच राहते.

पेरू खाताना मात्र दाताखाली कचकच येते, ती मूल ऊतीतली घुसखोरी आहे. गराच्या मऊ पेशींमध्ये दृढ ऊतीच्या अश्मपेशींचे गठ्ठे विखुरलेले असतात. नासपतीत तेच. नारळाची करवंटी म्हणजे अशाच अश्मपेशी, पण एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. आणि जबलपूरचा प्रसिद्ध हिरवा वाटाणा, ज्याचे हिवाळ्यात ढीग लागतात, त्याच्या सालीतही दृढपेशींचे दोन थर असतात. वरचा उभ्या खांबांसारख्या पेशींचा, खालचा डमरूसारख्या. कोवळ्या दाण्यात ते जाणवत नाहीत. वाळलेला वाटाणा रात्रभर भिजवावा लागतो, त्याला बऱ्याच अंशी हे थर जबाबदार असतात.

आता द्रोण. पळसाला पानं तीनच, आणि द्रोणाला एखाददुसरं पुरतं. या भागात पळसाबरोबर माहुलाचीही पानं वापरतात. माहुल म्हणजे आपट्याच्या जातकुळीतला प्रचंड वेल. पान आपट्यासारखंच दुभंगलेलं, पण ताटलीएवढं. पान हिरवं असताना मुडपतात आणि बांबूच्या बारीक काडीने टाचतात. उजेडासमोर धरलं की मधली शीर, तिच्यातून निघालेल्या बाजूच्या शिरा आणि त्यांच्यामधलं बारीक जाळं स्पष्ट दिसतं. जाळ्याच्या चौकटींमधला हिरवट-तपकिरी भाग म्हणजे पर्णमध्याची मूल ऊती. पान तोडलं तेव्हा ती जिवंत होती, वाळताना मेली. शिरांमधलं लाकूड मात्र झाडावर असतानाच मेलेलं होतं. द्रोण पाणी धरतो, तेल गळू देत नाही, त्याचं श्रेय अपित्वचेवरच्या मेणचट थराला. आणि टाचलेली काडी घुसते पण पान फाटत नाही, कारण विक्रेती काडी शिरेच्या आडून घालते. तिने माझ्यासमोर एक द्रोण टाचला तेव्हा दोन्ही टाके शिरेला धरून होते. विचारलं तर म्हणाली, “नहीं तो फट जाता है, भैया.”

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे वात. तंतू म्हटला की आपण सगळे तंतू एका पोत्यात भरतो: कापूस, ताग, अंबाडी, काथ्या, घायपात. वनस्पतीच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कापसाचा तंतू हा सरकीच्या अपित्वचेवरचा केस आहे. एक केस, एक पेशी. फूल उमलतं त्याच दिवशी सरकीच्या पृष्ठभागावरच्या काही पेशी लांबायला लागतात, आणि लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटर होतात. रुंदी माणसाच्या केसापेक्षा कमी. मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर साचत जातात. बोंड फुटलं की पेशी मरते, सुकते, चपटी होते आणि पिळवटते. त्या पिळामुळेच सूत कातता येतं. लिग्निन जवळजवळ नाही, सेल्युलोज नव्वद टक्क्यांच्या वर. म्हणून कापूस मऊ, शोषक, पांढरा. ताग आणि अंबाडीचे तंतू खोडाच्या सालीतले, रसवाहिनीच्या बाजूचे, दृढ ऊतीचे. एकेक पेशी लहान, पण अशा असंख्य पेशी टोकाला टोक चिकटून लांब दोरा होतो. खोड पाण्यात कुजवायचं, मधली मूल ऊती सडली की तंतू सुटतात. ज्याला आपण अंबाडी सडवणं म्हणतो ते एका ऊतीला मारून दुसरी काढणं असतं. काथ्या नारळाच्या फळाच्या मधल्या कवचातला, वाहक पुंजांभोवतीच्या आवरणाचा. त्यात लिग्निन सुमारे चाळीस टक्के, म्हणून तो खाऱ्या पाण्यातही टिकतो आणि अंगाला टोचतो. घायपाताचा तंतू तर पानातला. वातीला काथ्या वापरून पाहा. तेल नीट चढत नाही, धूर मात्र होतो.

वात आणि झाडाचं लाकूड यांत एक साम्य आहे, ते लोक मोठ्या उत्साहाने सांगतात: वातीत तेल चढतं तसंच झाडात पाणी चढतं. हे साम्य फार ओढू नये. केशाकर्षणाने पाणी बारीक नळीत थोडं चढेल. शंभर मीटरच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत जाणार नाही. या प्रश्नावर वनस्पतिशास्त्रात मोठा वाद झाला आणि तो नेमका जिवंत की मृत याच मुद्द्यावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडुआर्ड श्ट्रासबुर्गरने झाडांना विष पाजलं. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी पाणी वर चढत राहिलं. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी मांडलं की पानांतून बाष्प उडतं त्या ओढीने पाण्याचा सलग धागा वर खेचला जातो, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जगदीशचंद्र बोस यांना हे पटलं नाही. १९२३ मध्ये त्यांनी झाडातल्या रसाच्या चढणीवर पुस्तक लिहिलं आणि खोडातल्या जिवंत पेशींच्या स्पंदनाने पाणी ढकललं जातं असा पक्ष मांडला. आपल्याकडे बोसांविषयी लिहिताना हा भाग बहुतेक गाळतात. गाळू नये. त्यांची उपकरणं अचाट होती, या प्रश्नावरचं उत्तर मात्र डिक्सन-जॉलींच्या बाजूने गेलं. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या आणि वाहिनिका कामाला लागण्याआधीच मरतात. आत जीव असता तर त्याचा नळीला अडथळाच झाला असता.

रसवाहिनीचं अगदी उलट. पानात तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे नेणाऱ्या चाळणनलिका जिवंत असाव्याच लागतात, आणि तरी त्यांच्यात केंद्रक नसतं. प्रत्येकीला चिकटून एक सहपेशी असते, तीच तिचा प्रपंच चालवते. हा थर सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर. म्हणून झाडाची साल कड्यासारखी पूर्ण गोल काढली तर झाड लगेच मरत नाही. पानं काही काळ हिरवी राहतात, कारण पाण्याचा रस्ता लाकडात सुखरूप आहे. मुळं उपाशी मरतात आणि मग झाड. इटलीच्या मालपिगीने सतराव्या शतकात हे कडं काढून पाहिलं होतं, वरच्या बाजूला साल फुगते हेही नोंदवलं होतं. जळाऊ लाकडासाठी झाड वाळवायची ही युक्ती जंगलाकाठच्या गावांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा सोंड खुपसून बसतो तोही याच रसावर. बांगडीची लाख म्हणजे किड्याच्या अंगातून गेलेला रसवाहिनीचा माल.

घाटावरच्या लाकडी नावा पलीकडच्या काठावर गुरुद्वाराकडे फेऱ्या मारतात. नाव उलटी घालून डागडुजी चाललेली असेल तर फळीची टोकं पाहावीत. कडेला फिकट लाकूड, आत गडद. फिकट भागातून झाड पाणी नेत होतं. गडद गाभा केव्हाच बंद पडलेला. बंद कसा पडतो हे सागात पाहण्यासारखं आहे. रिकाम्या, मृत वाहिनीच्या भिंतीत बारीक खाचा असतात. शेजारच्या जिवंत मूल ऊतीची पेशी त्या खाचेतून वाहिनीत फुग्यासारखी शिरते आणि नळी बुजवून टाकते. असे शेकडो फुगे भरले की पाणी आत शिरायला वाव उरत नाही. जिवंत शेजारीण मेलेल्या घरात घुसून ते बंद करते, आणि पुढे गाभा पक्का होताना स्वतःही मरते. नावेच्या फळीला असं बुजलेलं लाकूडच हवं. सुताराला यातलं एकही नाव माहीत नसतं, पण फिकट लाकडाची फळी तो पाण्याखाली लावत नाही.

सागाच्या कापात आणखी एक दिसतं: वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या वाहिन्यांचं वर्तुळ, मग बारीक वाहिन्यांचा दाट पट्टा, पुन्हा वर्तुळ. मंडल्याकडच्या सालाच्या लाकडात वाहिन्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या. ही वर्तुळं घालणारी ऊती म्हणजे ऊतककर, साल आणि लाकूड यांच्यामधला पेशींचा अगदी पातळ थर. आतल्या बाजूला लाकूड टाकतो, बाहेर रसवाहिनी. झाड जाड होतं ते सगळं याच्या जोरावर. बांबूत हा थर नाही. म्हणून बांबूचा कोंब जमिनीतून जितका जाड येतो तितकाच राहतो, आणि वाढतो तो उंचीत, पेरापेरांतल्या आंतरीय विभाजी ऊतीने. जाती आणि हवामान जमून आलं तर दिवसाला हातभरही.

विभाजी ऊतीविषयी पुस्तकात जे लिहिलेलं असतं ते बरोबर आहे, पण तिच्यासमोर ‘स्थायी’ हा रकाना ठेवला की घोटाळा होतो. घाटावर फोडलेल्या नारळाचं पाणी तीर्थासारखं वाटतात. हे पाणी म्हणजे एक विलक्षण ऊती आहे, किंवा ऊती व्हायची राहिलेली अवस्था: नारळाचं पोषक द्रव्य, ज्यात सुरुवातीला केंद्रकं भिंतींशिवाय नुसती तरंगत असतात, भिंती पडत गेल्या की खोबरं होतं. याच पाण्याने ‘स्थायी’ शब्दाला पहिला मोठा धक्का दिला. १९५८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनी भागातले लहान तुकडे नारळपाणी घातलेल्या द्रावणात वाढवले. ज्या पेशींचं विभागणं केव्हाच थांबलं होतं त्या पुन्हा विभागू लागल्या, आणि त्यांच्यापासून अख्खी गाजराची रोपं उभी राहिली. दिल्लीत शिप्रा गुहा आणि एस. सी. माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून रोपं काढली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या कामाने तर बांबूच्या जगात खळबळ उडवली. बांबू बहुधा आयुष्यात एकदाच फुलतो, तोही काही दशकांनी, आणि फुलून मरतो. १९९० मध्ये नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी ‘नेचर’मध्ये कळवलं की ऊतीसंवर्धनात वाढवलेल्या बांबूच्या कोंबांना काचेच्या नळीतच, पहिल्या वर्षाच्या आत, फुलं आणि बी धरलं. हे वाचलं तेव्हा पुण्यातल्या आमच्या मास्तरांनी वर्गात अर्धा तास दुसरं काही शिकवलं नव्हतं. आज जळगावकडच्या केळीच्या बागा ऊतीसंवर्धित रोपांवर उभ्या आहेत, आणि शेतकरी ‘टिश्यूची केळी’ म्हणतो तेव्हा त्याला ऊती हा शब्द आठवतही नाही.

हे सगळं जमतं ते जिवंत ऊतींना. मूल ऊती परत फिरू शकते, स्थूलकोन ऊतीही. करवंटीतली अश्मपेशी, वाहिनी, बुचाची पेशी यांच्या मागे परतीचा रस्ता नसतो. पुतणीच्या तक्त्यात मी ‘स्थायी’ शब्दाखाली पेन्सिलने दोन उपगट पाडले, जिवंत आणि मृत. तिने विचारलं, “मॅडमना चालेल का?” मी म्हटलं, पेन्सिलने आहे, खोडून टाक.

मेलेल्या ऊती किती टिकू शकतात हे पाहायचं तर जबलपूरहून दिंडोरीच्या दिशेने जावं; तिथे, आता दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या शहापुऱ्याजवळ घुघुआ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, दख्खनचे लाव्हा थर साचत होते त्या काळातली झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. १९७०च्या दशकात मंडल्याचे सांख्यिकी अधिकारी धर्मेंद्र प्रसाद यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधलं. जबलपूर सायन्स कॉलेजचे एस. आर. इंगळे आणि लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे एम. बी. बांदे यांनी ती ओळखायचं काम केलं. १९८३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. जेमतेम सत्तावीस हेक्टरांचं उद्यान, एकही वाघ नसलेलं.

दगडातलं झाड ओळखायचं कसं? पान नाही, फूल नाही, साल बहुधा गेलेली. उरतात त्या ऊती. पाण्यातली सिलिका पेशीपेशींत शिरून घट्ट झालेली असते, भिंतींचे ठसे शाबूत. दगडाची चकती कापून, घासून घासून इतकी पातळ करायची की उजेड आरपार जावा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मग प्रश्न तेच, जे नावेच्या फळीला विचारले. वाहिन्या एकेकट्या की जोडीने? किती मोठ्या? त्यांच्याभोवती मूल ऊतीचं कडं आहे का? आडव्या किरणांची रुंदी किती पेशींची? एवढ्यावर कूळ सांगता येतं, पुष्कळदा वंशही. निलगिरीशी जुळणारं लाकूडही तिथे नोंदवलं गेलं आहे, आणि निलगिरी म्हटलं की ऑस्ट्रेलिया आठवणाऱ्यांना ते चक्रावून टाकतं. ताडाचा दगड तर साध्या भिंगाखालीही कळतो. वर्तुळं नाहीत, किरण नाहीत; कापावर नुसते ठिपके विखुरलेले, बाहेरच्या कडेला दाट, आत विरळ. प्रत्येक ठिपका हा एक वाहक पुंज, त्याच्या एका बाजूला दृढ तंतूंची टोपी. जीवाश्म-ताडांच्या जाती पाडताना या टोपीचा आकार आणि ठिपक्यांमधली मूल ऊती भरीव आहे की पोकळ, हेच पाहतात. रसवाहिनीच्या नाजूक पेशी मात्र पुष्कळदा विरून गेलेल्या, ठिपक्यात तिच्या जागी नुसती पोकळी. घुघुआच्या वाटेवरच्या गावांत असले दगड लोकांनी बांधावर, पारावर रचलेले दिसत. कोणाला त्यात लाकडाचे तंतू दिसले तरी त्याचं काय मोठंसं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा घाटावर गेलो. पायऱ्यांच्या खाली, पाणी वळसा घेतं तिथे, आदल्या रात्रीचे आणि त्याआधीच्या कित्येक रात्रींचे द्रोण येऊन अडकले होते. झेंडूच्या पाकळ्यांचा कालचा रंग शिल्लक होता, परवाच्या पाकळ्या बोटाला लागताच चिखल होत होत्या. वाती वाहून कुठल्या कुठे गेलेल्या. काही द्रोण अजून धड होते, आणि काहींची हिरवी-तपकिरी मधली ऊती कुजून नुसत्या शिरांचं जाळं उरलं होतं, शाळेत वहीत ठेवायचो त्या पिंपळपानासारखं. मी एक अलगद उचललं. बांबूची काडी अजून शिरेला धरून होती. बाजूला नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, कधीच्या कोण जाणे. घाट झाडणारा माणूस आला, त्याने लांब काठीच्या जाळीने आधी सगळा पाला ओढून बाहेर टाकला आणि मग करवंट्या हाताने वेगळ्या काढून पोत्यात भरल्या. सरपणाला चांगल्या जळतात म्हणाला. पानांचं जाळं त्याने माझ्या हातात तसंच राहू दिलं.